बिनधुराच्या चुलीचा खर्च

आमच्या घरी बिनधुराची चूल बसवायला एकंदर किती खर्च आला, हे मला आजही नेमके सांगता येत नाही. बाबा एक आकडा सांगत. आई तो ऐकून गप्प राहत असे, आणि तिच्या गप्प राहण्यातून तिला तो पटलेला नाही एवढे कळे. मी स्वतः पुष्कळदा तो हिशेब मांडून पाहिला आहे. दरवेळी त्यात काहीतरी असे येते की ते कोणत्या रकान्यात घालावे, हेच उमगत नाही.

पन्नास सालानंतरची पहिली दोन-तीन वर्षे असतील. आम्ही आर्वीत राहत होतो. बाबा शाळेत मास्तर होते. घर आमचे स्वतःचे, तीन खोल्यांचे, कवेलूंच्या छपराचे. मागे एक गोठा, ज्यात गाय राहिली नव्हती, फक्त पऱ्हाट्यांचे भारे रचलेले असत. कापूस निघून गेल्यावर शेतात उरलेली ती वाळकी झाडे हेच आमचे सरपण. पऱ्हाटी पेटते चटकन, तडतडत पेटते, आणि थोडी दमट असली तर धूर असा करते की डोळ्यांआधी घशाला कळावे. हा धूर आधी आढ्याशी जमे, मग स्वतःच्याच वजनाने खाली उतरे आणि माणसाच्या खांद्याइतक्या उंचीवर येऊन थांबे. आम्ही पाटावर बसून जेवत असल्यामुळे धुराच्या खाली असू. आई उठे, वाके, पुन्हा उठे, आणि प्रत्येक वेळी त्या करड्या पाण्यात डोके बुडवून वर यावे तशी दिसे.

तिचे डोळे कायम ओले असत. लहानपणी मला वाटे, सगळ्या आयांचे डोळे असेच असतात.

त्या हिवाळ्यात तिला उजेड सोसेनासा झाला. पुलगावला गाडी बदलून आम्ही तिला वर्ध्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी तिची पापणी काडीवर उलटी केली, मोरचुदाची निळी कांडी आतून फिरवली. आईने माझे मनगट धरले होते; ते किती घट्ट धरले होते हे घरी आल्यावर कळले.

"खुपऱ्या जुन्या आहेत," डॉक्टर म्हणाले. "उजव्या बुबुळावर फूल पडते आहे. धूर थांबला तर ते आहे तेवढ्यावर राहील. नाही थांबला तर हा डोळा जाईल."

"औषध?" बाबांनी विचारले.

"औषध देतोच आहे. पण औषध घालून या पुन्हा धुरातच बसणार असतील, तर मी काय करू ते तुम्हीच सांगा."

परतीच्या गाडीत आई बराच वेळ खिडकीकडे पाठ करून बसली. मग म्हणाली, "देवानं दोन देल्ले ते काऊन देल्ले असतीन? एक जाईन म्हणूनच ना." बाबा हसले नाहीत. त्यांनी पिशवीतून वही काढली आणि मागच्या पानावर काहीतरी लिहू लागले.

त्या दिवसांत वर्ध्याच्या बाजूने बिनधुराच्या चुलींचा प्रचार चालू होता. आठवडाभरात बाबांनी ती चूल बसवणारे एक कार्यकर्ते घरी आणले; त्यांना सगळे भाऊ म्हणत. खादीची बंडी, खिशात सुतळीचे भेंडोळे, आणि बोलताना समोरच्याच्या चेहऱ्याऐवजी भिंतीकडे पाहण्याची सवय. त्यांनी सुतळीने स्वयंपाकघर मापले. घरात माणसे किती, आंघोळीला पाणी किती लागते, सरपण कोणते, सगळे विचारले. बाबांनी उत्तरे दिली. आई दाराच्या चौकटीशी पदराचे टोक उजव्या डोळ्यावर धरून उभी होती. तिला कोणी काही विचारले नाही, आणि तिनेही काही सांगितले नाही. मला तेव्हा यात काहीच वावगे दिसले नाही.

"खर्च किती येईल?" बाबांनी विचारले.

"चूल मातीची, मास्तर. मातीले काय पैसे लागते?"

बाबांचा चेहरा उजळला. मग भाऊंनी हळूहळू सांगायला घेतले. चूल मातीची, पण धूर बाहेर न्यायला खापराचे नळे लागतील. नळा भिंतीतून जाईल, म्हणजे भिंत फोडायला गवंडी. वर कवेलू उचलावे लागतील, तिथे पत्र्याचा तुकडा, नळ्याच्या तोंडावर पत्र्याचीच टोपी. आणि चुलीला तीन तोंडे, तिन्हींवर नीट बसतील अशी भांडी. भांड्याच्या कडेने फट राहिली तर धूर तिथून बाहेर येणार. आमची भांडी तर गोल बुडाची, कुठूनही पोचलेली. आईने तिच्या माहेरची पितळी घागर मोडीत दिली आणि सपाट बुडाची दोन पातेली आणली. ती घागर बाबांनी खर्चात धरली नव्हती. मी धरते, पण किती धरावी?

तरीही त्या चुलीने मला वेड लावले होते, हे कबूल केले पाहिजे. एका तोंडाशी विस्तव पेटवायचा, आणि त्याची ऊब मातीच्या पोटातून अंधारात चालत जायची. दुसऱ्या भांड्याखाली वरण शिजवायची, तिसऱ्याखाली आंघोळीचे पाणी तापवायची, आणि सगळी कामे उरकून मगच आकाशात जायची. भाऊ म्हणाले, "एकाच विस्तवाले तीन घरी राबवायचं." मी चुलीच्या ओल्या पाठीवर तळहात ठेवून ती ऊब कुठवर आली ते तपासत असे. पहिल्या दिवशी ती माझ्या हाताखालून गेली तेव्हा, मातीच्या आत काहीतरी जिवंत सरकत आहे असे वाटून मी हात मागे घेतला.

जुनी चूल आईने फोडू दिली नाही. तिला हळदकुंकू लावले, मग दोन्ही हातांत पोरासारखी उचलून गोठ्यात नेऊन ठेवली.

"ती कशाला ठेवतेस?" बाबा म्हणाले.

"राहू द्या. कार्यपरसंगाले कामी येते."

नव्या चुलीवरचे पहिले जेवण. वरण छान शिजले होते. धूर नव्हता, आणि तो नसल्यामुळे हिंगाचा, लसणीचा, ओल्या भिंतीचा असे एकेक वास वेगवेगळे ओळखू येत होते. भाकर मात्र फिकी होती. जुन्या चुलीत तोंडाशी निखारे ओढून त्यांच्या कडेला भाकर उभी करता येई. ती तिथे टम्म फुगे, तिला काळे ठिपके पडत, आणि जळक्या ज्वारीचा तो गोडूस वास येई. या चुलीचे तोंड लहान, आणि विस्तव सगळा आतल्या बाजूला ओढला जायचा. भाकर तव्यावरच दोन्हीकडून भाजावी लागे. ती शिजलेली असे, पण शेकलेली नसे.

बाबांनी अर्धी खाल्ली. उरलेली अर्धी ताटाच्या कडेला ठेवून हात धुतले आणि ते शाळेत गेले. एक शब्द बोलले नाहीत. आईने ताट उचलले, त्या अर्ध्या भाकरीकडे पाहिले आणि ती पदराखाली झाकून मागे गेली.

दोन दिवसांनी भाकर पुन्हा पहिल्यासारखी झाली. फुगलेली, ठिपक्यांची, वासाची. "जमलं म्हणायचं तुला," बाबा म्हणाले. आई पातेल्यात पळी फिरवत राहिली. आम्हां दोघांपैकी कोणीही, ती कशी जमली असे विचारले नाही. हे आज लिहितानाही मला चमत्कारिक वाटते. रोज तीच चूल डोळ्यांसमोर होती, तिचे ते लहान तोंड होते, आणि आम्ही शेकलेली भाकर मोडून खात होतो.

आता मला कळेनासे झाले ते एवढेच, की घरात धूर नसताना आईच्या पदराला धुराचा वास कुठून येतो. स्वयंपाकघराच्या भिंती तिने पांढऱ्या मातीने सारवून काढल्या होत्या आणि त्या तशाच पांढऱ्या राहिल्या होत्या. पण मी तिच्या मांडीवर डोके ठेवले की तोच वास, जुना, कडसर, केसांच्या मुळांपर्यंत गेलेला.

"आई, तुझ्या लुगड्याले धुराचा वास येते."

"जुनं लुगडं हाये. वास जात नाई लवकर."

पण संक्रांतीला घेतलेल्या नव्या लुगड्यालाही तोच वास होता. मला वाटले, माझ्याच नाकात काही बिघाड झाला असावा.

पुढच्या वेळी डॉक्टरांनी भिंग लावून पाहिले आणि कपाळाला आठ्या घातल्या. फूल वाढले होते. "धुरात बसता का?" त्यांनी आईला विचारले. आई म्हणाली, "नाई." बाबा लगेच म्हणाले, "चूल बिनधुराची बसवली आहे, डॉक्टर." डॉक्टर म्हणाले, "मग ती चूल बरोबर चालत नसेल."

म्हणून भाऊंना पुन्हा बोलावणे गेले. त्यांनी चुलीत ओले गवत पेटवले, दारे लावली, आणि आम्ही चौघे अंधारात उभे राहून धूर कुठून निघतो ते पाहत राहिलो. कुठूनच निघाला नाही. भाऊ चुलीभोवती दोनदा फिरले, तिच्या सांध्यांना नाक लावून आले, नळ्याला कान लावून आले. शेवटी अंगणात जाऊन त्यांनी निंबाच्या झाडाकडे पाहिले.

"चूल बरोबर हाये. वारा खराब हाये. झाड वारं दाबते, वारं धूर दाबते. नळा वाढवा."

नळे देणारी कुंभारीण दोन नळे घेऊन आली. गवंडी आला. आठवड्याने आईचा डोळा आणखी लाल झाला, तेव्हा आणखी दोन नळे. धुराडे आता निंबाच्या खालच्या फांदीपर्यंत पोचले होते. रस्त्याने जाणारे मान वर करून बाबांना म्हणत, "मास्तर, गिरणी टाकून राह्यले का?" बाबा हसून नमस्कार करीत आणि घरात येऊन वहीचे मागचे पान उघडून बसत.

होळीनंतर शाळा सकाळची झाली. एकदा वर्गात बाबांची लाल शाई संपली आणि त्यांनी मला बाटली आणायला घरी पाठवले. स्वयंपाकघर रिकामे होते. नव्या चुलीवर वरण खदखदत होते, पाणी तापत होते, सगळे शिस्तीत. धुराचा वास मागून येत होता.

गोठ्यात जुन्या चुलीपुढे आई बसली होती. पऱ्हाट्या भसाभसा जळत होत्या आणि ठेंगण्या छपराखाली धूर इतका कोंडला होता की तिचा चेहरा मला एकदम दिसला नाही, हातच दिसले. थापणारे, उलटवणारे, निखारे पुढे ओढणारे. उजवा डोळा मिटलेला होता आणि मान डावीकडे वळवलेली. एक भाकर विस्तवाला टेकून उभी होती आणि फुगत होती. मी आजवर पाहिलेल्या सुंदर गोष्टींत ती भाकर मोजावी की नाही, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

तिने मला पाहिले. दचकली नाही.

"बाबाले सांगू नको."

"पण काऊन करतं असं?"

"त्याइच्या घशाखाली उतरत नाई ती दुसरी भाकर. अर्धी टाकून उठले होते. तू पाह्यलं नाई का?"

"डॉक्टरनं सांगतलं ना, डोया जाईन म्हणून."

"एक जाईन. भाकर दिसाले एक पुरे." मग आवाज बदलून म्हणाली, "शाई न्याले आली ना? कोनाड्यात हाये. जाय, बाबा वाट पाहून राह्यले असतीन."

मी शाई घेऊन गेले.

पुढचे आठ दिवस मी काही बोलले नाही. का बोलले नाही, याची मी स्वतःला निरनिराळी कारणे दिली आहेत. आईने नको म्हटले होते. बाबा चिडतील असे वाटले. किंवा, आणि हे लिहायला जड जाते, मलाही ती भाकर हवी होती. जेवताना मी घास मोडीत असे, त्या गोडूस वासाने तोंडाला पाणी सुटे, आणि त्याच घासापाशी आईचा मिटलेला डोळा आठवून तो घास तोंडात फिरत राही. गिळावा की टाकावा कळत नसे. टाकला तर आईला दिसेल; म्हणून गिळत असे.

त्याच आठ दिवसांत बाबांनी आपली पेटी विकली. ते रात्री जेवणानंतर ती वाजवीत, फार बरी नव्हे, पण खालच्या सुरांत. शेजारच्या खेड्यातल्या भजनी मंडळाची दोन माणसे आली, पेटी कांबळीत गुंडाळून घेऊन गेली. धुराडे आणखी तीन नळे वर जाणार होते. मी ओसरीत उभी होते. तोंड उघडून एक वाक्य म्हणायचे होते. मी ते म्हटले नाही.

रविवारी कुंभारीण डोक्यावर पाटी घेऊन आली. बाबा घरीच होते. अंगणात गवंड्याचा गारा कालवलेला होता, म्हणून ती नळे ठेवायला मागे गोठ्यात गेली, आणि रिकाम्या हाताने, कमरेवर हात ठेवून परत आली.

"मास्तर, नळा किती चढवसान? आभायाले लावसान का?"

"वारा दाबतो ना खाली."

"वारं कायले दाबते. बाईची भाकर तं मांगं होऊन राह्यली. राख गरम हाये अजून."

आई दारात होती. बाबा गोठ्यात गेले. ते परत येईपर्यंत मी त्यांच्या चपलांचा आवाज ऐकत उभी राहिले. आले तेव्हा त्यांच्या बोटांना राख होती.

"का गं?" त्यांनी विचारले. आवाजात राग नव्हता, तेच अधिक भीतिदायक वाटले.

"तुमी अर्धी भाकर टाकली होती."

"मी? कधी?"

"पह्यल्याच दिवशी. नव्या चुलीवरची."

बाबा विचार करीत राहिले. खरोखरच आठवत होते. ओठ हलत होते. "त्या दिवशी दाढ दुखत होती का माझी? की गवंड्याचं काही…" ते माझ्याकडे वळले, जणू मला ठाऊक असावे. मग पुन्हा आईकडे. "मला आठवत नाही गं. भाकरीसाठी टाकली असेन असं वाटत नाही. पण मला आठवतच नाही."

आईचा आवाज मी तेव्हा प्रथमच चढलेला ऐकला.

"मी तीन मह्यने धुरात बसली, अन् तुमाले आठवत नाई?"

आणि ती मटकन उंबऱ्यावर बसली. बाबांनी भाकरीसाठीच टाकली होती असे म्हटले असते तर तिला बरे वाटले असते की वाईट, हे मला सांगता येत नाही. बाबाही बहुधा तेच शोधत होते. ते खोटे बोलू शकले असते. बोलले नाहीत.

कुंभारणीला आमच्या घोळात बसायला वेळ नव्हता. तिने गाऱ्याच्या ढिगातून दोन्ही हातांनी माती उचलली, सरळ आमच्या स्वयंपाकघरात गेली आणि नव्या चुलीच्या तोंडापुढे पसरून थापू लागली. कडेला बोटभर उंच काठ वळला, मध्ये उतार ठेवला.

"इंगळ इकडं ओढाचे, बाई. पऱ्हाटीचे टिकत नाई. बाभयीचं एक लाकूड लावजा. धूर आत जाईन, इंगळ बाहीर राह्यतीन. भाकर इथं उभी करजा." मग स्वतःशीच हसली. "तो भाऊ भातखाऊ दिसते. त्याले भाकरीचं काय माहीत."

"याचे किती द्यायचे?" बाबांनी विचारले.

"वाळू द्या अगुदर. मंग दोन भाकरी द्या, यावर शेकलेल्या."

तीन नळे ती परत घेऊन गेली. आईने जुनी चूल त्याच संध्याकाळी फोडली. कोणी सांगितले नव्हते. माती पाण्यात भिजवून परसात टाकली. नव्या चुलीपुढल्या त्या काठाशी भाकर फुगू लागली. पहिल्या चुलीसारखी की थोडी कमी, यावर आमच्यात कधी एकमत झाले नाही, कारण कोणी तो विषयच काढला नाही.

मृगाच्या आधी आम्ही पुन्हा वर्ध्याला गेलो. या वेळी डॉक्टरांनी आईला भिंतीपाशी स्टुलावर बसवले आणि बाबांना तिचा डावा डोळा हाताने झाकायला सांगितले. मग चार पावलांवर उभे राहून बोटे दाखवू लागले.

"किती?"

"दोन."

"आता?"

"चार."

बाबांनी माझ्याकडे पाहिले. त्यांचा चेहरा असा उमलला होता की मलाही रडू येईल असे वाटले. डॉक्टरही मान डोलावत होते. "छान. आता?"

"तीन."

मी आईच्या बाजूला उभी होते, आणि माझ्या उंचीवरून मला जे दिसत होते ते त्या दोघांना दिसत नव्हते. बाबांचा हात आईला लागू नये म्हणून जरा सैल धरलेला होता. आईने मान अगदी किंचित वळवली होती, आणि बाबांच्या करंगळीखालच्या फटीतून तिचा डावा डोळा, चांगला डोळा, डॉक्टरांच्या बोटांकडे पाहत होता.

ती हे बाबांसाठी करीत होती की स्वतःसाठी, घरी लवकर जायला मिळावे म्हणून की पुन्हा निळी कांडी फिरू नये म्हणून, मला कळले नाही. बाबांचा आनंद मोडावा की नाही, तेही कळले नाही. एवढेच जाणवले की माझ्या घशाशी एक वाक्य आले आहे.

"डॉक्टर," मी म्हटले, "ती डाव्या डोळ्यानं पाहून राह्यली."

डॉक्टर पुढे आले, त्यांनी बाबांचा हात बाजूला करून कापसाची चकती डाव्या डोळ्यावर बसवली आणि वरून पट्टी बांधली. मग मागे जाऊन हात वर केला.

"आता सांगा, किती?"

आई बराच वेळ समोर पाहत राहिली. तिचा उघडा डोळा ओला होता, आणि बुबुळाच्या मध्यावर तांदळाच्या कणीएवढे काहीतरी पांढरे होते.

"हात हाये," ती म्हणाली. "बोटं समजत नाई."

डॉक्टर एकेक पाऊल पुढे येत गेले. दोन पावलांवर आल्यावर आई म्हणाली, "तीन," आणि ती तीनच होती. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिले. म्हणाले की फूल थांबलेले दिसते. जे झाकले गेले ते परत येणार नाही, पण उरले आहे तेवढे टिकेल, आणि पट्टी बांधली म्हणून खरे काय ते कळले, आता औषध त्या मानाने देता येईल.

पट्टी सोडल्यावर आईने मान वळवून माझ्याकडे पाहिले. दोन्ही डोळ्यांनी पाहिले, पण एका डोळ्यापर्यंत मी कितपत पोचले असेन, कोण जाणे. मी त्या नजरेत राग शोधला, मग माफी शोधली, मग आणखी काही. मग तिने पदर सावरला, माझा हात धरला आणि जिना उतरताना प्रत्येक पायरीपाशी थांबून विचारले, "इथं हाये का वं पायरी?" आणि मी दरवेळी सांगत गेले, हो, इथे आहे.